लहान विमानाची डेटा प्लेट शोधताना आणि वाचताना: नव्या एएमई विद्यार्थ्यांसाठी

एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगचा, म्हणजेच एएमईचा, अभ्यास करणारे पुण्यातले विद्यार्थी प्रॅक्टिकलसाठी प्रथमच एखाद्या लहान विमानाजवळ उभे राहतात, तेव्हा त्यांचे लक्ष साहजिकच इंजिनाकडे आणि कॉकपिटकडे जाते. हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला मी मात्र पहिले काम एकच देतो: विमानाची डेटा प्लेट, म्हणजे विमानाची ओळख कोरलेली छोटी धातूची पट्टी, शोधायची आणि तिच्यावरचे सगळे अक्षरन्‌अक्षर वहीत उतरवून आणायचे. हे काम फार तर दहा मिनिटांचे असावे असे वाटते, पण ते नीट केले तर पुढच्या सर्व कागदपत्रांचा पाया पक्का होतो.

विमानाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले ‘व्हीटी’ने सुरू होणारे चिन्ह म्हणजे नोंदणी. विमान दुसऱ्या देशात विकले गेले की ते चिन्ह बदलते. डेटा प्लेटवर कोरलेला निर्मात्याचा सिरियल नंबर मात्र विमान कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. गाडीची एमएच-१२ ची पाटी आणि तिचा चासी नंबर यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो सिरियल नंबर, कारण एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षिततेसाठी नियामकाने काढलेले बंधनकारक आदेश) आणि सर्व्हिस बुलेटिन (निर्मात्याच्या देखभालविषयक सूचना) बहुतेक वेळा ‘अमुक ते अमुक सिरियल नंबरच्या विमानांना लागू’ अशा भाषेत असतात. एक अंक चुकला, तर लागू असलेले काम राहून जाते किंवा लागू नसलेले काम विनाकारण केले जाते.

पट्टी कुठे शोधायची हे विमानाच्या वयावर अवलंबून असते. भारतातील प्रशिक्षण संस्थांमधून दिसणारी अनेक विमाने अमेरिकी बनावटीची असल्यामुळे तिथला नियम माहीत असणे उपयोगाचे ठरते. त्या नियमानुसार अग्निरोधक पट्टी विमानाच्या बाहेरच्या बाजूस, सर्वांत मागच्या प्रवेशद्वाराच्या लगेच मागे किंवा शेपटीजवळ फ्यूजलाजवर (विमानाच्या मुख्य धडावर), जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल अशी बसवावी लागते. ही बाहेरची अट अमली पदार्थांची तस्करी करणारी विमाने तपासणाऱ्यांना दार न उघडता ओळखता यावीत म्हणून आली. ७ मार्च १९८८ पूर्वी बनलेल्या विमानांना सवलत आहे: त्यांची पट्टी दाराजवळ आत असली तरी चालते, मात्र मॉडेल आणि सिरियल नंबर बाहेरूनही दिसले पाहिजेत. म्हणूनच सेसना १७२एन सारख्या जुन्या विमानात ती डाव्या पुढच्या दाराच्या खांबावर, खालच्या भागात मिळते. तिथेच शेजारी आणखी एक पट्टी असते, जिच्यावर आतील सजावटीचा आणि बाहेरील रंगाचा कोड असतो. नवशिके हमखास हीच उतरवून आणतात, म्हणून पट्टीवर टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेल्या मान्यतेचा, क्रमांक आहे का, हे आधी पाहावे. सेसना १७२ साठी तो ३ए१२ आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ७ नुसार प्रत्येक विमानावर, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी, किमान राष्ट्रीयत्व आणि नोंदणीचे चिन्ह कोरलेली अग्निरोधक पट्टीही हवी. त्यामुळे परदेशातून आलेल्या विमानावर निर्मात्याची आणि नोंदणीची अशा दोन पट्ट्या दिसल्या तर गोंधळू नये, दोन्ही उतरवून घ्याव्यात. रंगवलेल्या चिन्हांची उंचीही याच परिशिष्टात ठरलेली आहे: पंखांवर किमान ५० सेंटिमीटर आणि फ्यूजलाज किंवा उभ्या शेपटीवर किमान ३० सेंटिमीटर.

वाचताना टॉर्च तिरपा धरावा, कारण कोरीव अक्षरे सरळ उजेडात सपाट दिसतात. ठशाने उमटवलेले ८ आणि बी, शून्य आणि डी सहज एकमेकांत मिसळतात, म्हणून एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे आणि मग ते नोंदणी प्रमाणपत्राशी व लॉगबुकांशी ताडून पाहावे. पट्टी मळलेली असेल तर मऊ फडक्याने पुसावी. पॉलिश पेपर तिला कधीही लावू नये.

इंजिनाला आणि प्रॉपेलरला त्यांची स्वतंत्र ओळख असते. इंजिनाच्या पट्टीवर रेटिंगही (मान्य शक्ती) असते, आणि प्रॉपेलरच्या खुणा ताण कमी असलेल्या जागी उमटवलेल्या असतात. इंजिन बदललेल्या विमानात लॉगबुक कोणत्या इंजिनाचे आहे, हे याच पट्टीवरून ठरते.

पुण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या विमानांच्या बाबतीत एक गोष्ट मी आवर्जून दाखवतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी असेल, तर तिच्या कडेखाली ओल धरते आणि दोन धातूंमुळे पत्रा गंजू लागतो. रिवेटभोवती रंगाला फुगे आले किंवा पांढरी भुकटी दिसली, की ते निरीक्षण वरिष्ठांना लेखी द्यावे. स्वतः रिवेट काढायला जाऊ नये. देखभालीसाठी पट्टी काढावी लागलीच, तर ती लागू नियमांप्रमाणे आणि कागदावर नोंद करूनच काढतात. एका विमानाची पट्टी दुसऱ्यावर लावणे कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. विमान रंगायला जाण्यापूर्वी पट्टीचा स्पष्ट फोटो घ्यावा, ती नीट मास्क झाली (रंग लागू नये म्हणून झाकली गेली) आहे का पाहावे, आणि रंगकाम संपल्यावर मास्किंग निघाले आहे याची खात्री करावी. रंगाच्या थराखाली गेलेली पट्टी पुढच्या तपासणीत पट्टी नसल्यासारखीच धरली जाते.

सीएआर-६६ (विमान देखभाल परवान्याचे भारतीय नियम) च्या परवान्यासाठी असलेल्या मॉड्यूल १० मध्ये, म्हणजे विमान कायद्यांच्या पेपरात, नोंदणी आणि चिन्हांवर प्रश्न येऊ शकतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात, त्यामुळे हे सोपे गुण सोडणे परवडत नाही. जवळपास बारामतीला प्रशिक्षण विमाने आणि हडपसरला ग्लायडर आहेत. रीतसर परवानगी काढून तिथे जाता आले, तर निरनिराळ्या विमानांच्या पट्ट्या शेजारीशेजारी वाचायला मिळतात.