हँगरचा तराजू आणि दीड पाव शेव

आमची मुलगी आठ वर्षांची, दोन वर्षं झाली घरीच शिकतेय. सुरुवातीला मी तिला छापील बेरजा-वजाबाक्यांची पानं द्यायचे आणि ती रोज रडायची. मग एक तराजू केला. तेव्हापासून इंदूरच्या आमच्या स्वयंपाकघरात गणित सकाळी पोह्यांच्या डब्यापाशी सुरू होतं.

कपड्यांचा हँगर घ्या. दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे कागदी पेले बांधा आणि हँगर दाराच्या कडीला अडकवा. एक बाजू खाली गेली तर हलक्या पेल्याला बाहेरून कणकेची गोळी चिकटवा. ही गोळी मुलालाच लावू द्या. किती लहान लावायची हे ठरवताना त्याला जे कळतं, ते सांगून कळत नाही.

आता वजनं. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण भरून पाणी एका पेल्यात ओता. ते 10 ग्रॅम. दुसऱ्यात तराजू सरळ होईपर्यंत साबुदाणा घाला, मग तो पुडीत बांधा. दोन टोपणं पाण्याने 20ची पुडी, चाराने 40ची, आठाने 80ची. एवढ्या चारच पुड्यांनी 150पर्यंतचं प्रत्येक दशक तोलता येतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. "आई, 70 ची पुडी करायलाच नको, 40, 20 आणि 10 आहेत की!" असं ती ओरडली, तेव्हा पोहे भिजवायचे राहूनच गेले.

नियम एकच: आधी अंदाज, मग माप. तिच्या मुठीत पोहे जेमतेम 10 ग्रॅम मावतात, साबुदाणा 30च्या आसपास. मूठ तीच, मग असं का? उत्तर लगेच देऊ नका. आमच्याकडे हा प्रश्न आठवडाभर चालला.

दुसरा खेळ आजोबांचा. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीचचे पाढे, अजून तोंडपाठ आहेत. शाळांतून हे पाढे गेले याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बाजार अजून त्यातच बोलतो. पोळीचे अर्धे-अर्धे तुकडे मांडून दीडकी म्हणायला लावा: दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. मग दुकानात पुढे मुलाला उभं करा. "भिया, डेढ़ पाव सेंव देना," असं ही म्हणते आणि काट्याकडे टक लावून बघते. पाव म्हणजे 250, त्याचं निम्मं 125, म्हणजे काट्यावर 375 यायला हवेत. किलोचा भाव 320 असेल तर पाव 80ला, म्हणून दीड पाव 120. पैसेही तिनेच मोजून द्यायचे. रांगेतल्या लोकांनी घाई केली तरी तुम्ही मध्ये बोलू नका.

छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत जाऊन आलो की चिंचोके काढतो. 56 चिंचोके मोजायचे आणि सारख्या रांगांत लावायचे: 7 रांगा 8च्या, 4 रांगा 14च्या, 2 रांगा 28च्या. मग एक वाढवायचा. 57वर ती अडली होती, पण शेवटी 19च्या तीन रांगा लागल्या. 58 पटकन झाले. 59 चिंचोके गेले दोन दिवस ताटात तसेच आहेत आणि येता-जाता ती त्यांची नवी रांग लावून बघते.