रो हाउस घेताना घराआधी जमीन बघा

स्वतःचं, मग धाकट्या बहिणीचं, मग दोन मित्रांचं असं करत नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत इतकी रो हाउसं (ओळीत, भिंतीला भिंत लागून असलेली घरं) बघून झालीत की सॅम्पल हाउसमधल्या पडद्यांकडे आता माझं लक्षच जात नाही. बजेट, लोन, शाळेचं अंतर तुम्ही ठरवलं असेलच.

घरात आईवडील असतील तर तळमजल्यावर बेडरूम आणि तिथेच बाथरूम हवंच. मधल्या घराला उजेड फक्त पुढून-मागून, जमत असेल तर कडेचं घ्या.

आता खरी गोम. रो हाउस दोन प्रकारचं असतं. एकात प्लॉट वेगळा पाडलेला असतो, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड तुमच्या नावावर होतं. दुसऱ्यात सगळ्या लेआउटचा मिळून एकच प्लॉट, जमीन शेवटी सोसायटीकडे जाते आणि तुमच्याकडे घर आणि शेअर सर्टिफिकेट. ब्रोशरमध्ये दोन्ही 'स्वतंत्र बंगलो'च असतात.

मी पहिल्यांदा एजंटला विचारलं, जमीन आपलीच ना? तो हो म्हणाला आणि मी कागद न बघता मानलं. आमचं तळमजल्यावर हॉल-किचन, बेडरूम वर. आईचे गुडघे गेले तेव्हा ठरवलं की हॉलची खोली करू आणि वर एक मजला चढवू, तर कळलं एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येतं ती मर्यादा) सगळ्या लेआउटचा एकत्र आणि तो कधीच वापरून संपलाय. आई तीन वर्षं हॉलमध्ये दिवाणवर झोपली. म्हणून सांगतो, तोंडी 'हो'वर एक रुपयाही देऊ नका.

नवीन स्कीम असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवरून मंजूर लेआउट काढा, अ‍ॅग्रीमेंटच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या वर्णनात, तुमच्या घरासमोर प्लॉट नंबर आणि क्षेत्रफळ वेगळं लिहिलंय का ते शोधा, नसेल तर वकिलाला दाखवा. 'मागे पत्रा टाकून किचन वाढवा' हा सल्ला तर अजिबात ऐकू नका, ती मार्जिन आहे, मोकळीच ठेवायची असते, आणि नकाशात नसलेली खोली विकताना तुमच्याच गळ्यात पडते. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, जास्त मागितले तर उठून या.

तयार घर असेल तर भर पावसात बघायला जा, कॉमन भिंतीचे वरचे कोपरे हाताने चाचपा. पझेशननंतर ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, फक्त ते फोनवर सांगू नका, लेखी कळवा.