आडव्या वाऱ्यात व्हॅन वाहते? आधी टायर पाहा

पावसाळ्यात अटल सेतूवर किंवा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उंच छपराची व्हॅन अचानक शेजारच्या लेनकडे सरकते, आणि बहुतेक वेळा खापर फुटते ते स्टिअरिंगवर. स्टिअरिंग उघडण्याआधी टायर तपासा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गाडीची बाजू १५ चौरस मीटर धरली, तर ताशी ५० किमीच्या आडव्या वाऱ्यात साधारण १७५ किलो वजनाइतका जोर बसतो. हा जोर रस्त्यापर्यंत पोचतो तो टायरच्या साइडवॉलमधून, म्हणजे बाजूच्या भिंतीतून. साइडवॉल मऊ असली की ती आधी मुडपते, आणि स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी तिरकी वाहत जाते. म्हणून टायर घेताना रुंदीपेक्षा साइडवॉलची ताकद बघायची.

१. वजन करा. नेहमीच्या प्रवाशांसह आणि सामानासह गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग फक्त मागची. मागच्या ॲक्सलवर १७०० किलो भरले, तर प्रत्येक टायरवर ८५० किलो आले.

२. आकडे वाचा. समजा टायरवर '१९५ आर १५ सी १०६/१०४' लिहिले आहे. १०६ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा; इथे ९५० किलो. तिरप्या रेघेनंतरचा १०४ (९०० किलो) मागे जोडचाके असतील तेव्हा लागू होतो. वरच्या उदाहरणात प्रत्येक टायरमागे १०० किलोची मोकळीक राहते. दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी इंडेक्स कधीही घेऊ नका. 'सी' (कमर्शियल) किंवा 'एलटी' (लाइट ट्रक) खूण हवीच. त्याच मापाचा कारचा टायर खड्ड्यांत आरामदायी वाटतो, पण तो आराम मऊ साइडवॉलचाच असतो.

३. माप बदलण्याच्या मोहात पडू नका. कमी उंचीची साइडवॉल ताठ असते हे खरे, पण आपल्या खड्ड्यांत ती लवकर कापली जाते आणि तिची भारक्षमताही अनेकदा कमी असते. कंपनीने मान्य केलेल्या मापातच जास्त ताकदीचा टायर शोधा.

४. नक्षी सलग पट्ट्यांची घ्या. चिखलासाठीच्या टायरचे सुटे, उंच ठोकळे बाजूच्या रेट्याने वाकतात. नव्या टायरची पूर्ण खोल नक्षीही थोडी वाकते, त्यामुळे पहिले २००-३०० किमी गाडी सैल वाटली तर घाबरू नका, वेग कमी ठेवा.

५. दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवा. दुकानात अनेकदा पुढे बसवून देतात, तेव्हा स्पष्ट सांगा. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर झोताबरोबर शेपूट फिरते आणि गाडी सावरणे फार कठीण जाते. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत. झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिमीपर्यंत, वाट पाहू नका.

६. हवा थंड टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. सर्वाधिक घोळ इथेच होतो. मागच्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय कमी असले तरी शेपूट डोलते, चालक उलट स्टिअरिंग मारतो आणि डोलणे वाढत जाते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील, तर त्याप्रमाणे भरा. धावून तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा सोडू नका. टायरवर छापलेला कमाल दाबही भरू नका, कारण फुगलेल्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो.

७. टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. मग नेहमीच्या रस्त्यावर, त्याच वजनात आणि त्याच वेगात गाडी चालवून फरक पाहा. तरीही गाडी डोलत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बर तपासा आणि छतावरचे रिकामे कॅरिअर काढून टाका.