एकाच बाजूचं सायनस आणि वरची दाढ

फक्त उजव्या नाकपुडीतून पिवळा, घाण वासाचा शेंबूड आणि गालात ठणका. अँटिबायोटिकने तात्पुरता उतार पडायचा. वाफ, स्प्रे वाया. जीव मेटाकुटीला आला होता.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी दुर्बिणीने नाक तपासलं, मग वरच्या दाढांची मुळं दिसतील असा सीटी स्कॅन. रूट कॅनल केलेल्या दाढेच्या मुळाशी पू, त्याच्या वरचं सायनस (गालाच्या हाडातली पोकळी) भरलेलं. दाढ दुखत नव्हती, म्हणून शंकाच आली नव्हती. एकाच बाजूला दुर्गंधी असेल तर दाढ तपासाच.

दाढ काढली. तरी सायनसचं तोंड सुजून बंदच, म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने मोकळं केलं. पुढे डॉक्टरांनी सांगितल्यावर नाक धुणं: 240 मिली उकळून गार केलेलं पाणी, अर्धा छोटा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. वास गेला तो गेलाच.