पानांनी मान टाकली म्हणून पाणी सोडू नका

हस्ताचा पाऊस उघडला की चार दिवसांत खानदेशातलं ऊन 35-36 अंशांवर जातं. वरची माती पांढुरकी पडते, भेगाही दिसू लागतात. पण वीतभर उकरलं तर तापीकाठचं काळं वावर आत अजून गाऱ्यासारखं असतं. नेमक्या याच दिवसांत घराजवळच्या मळ्यातली वांगी, मिरची, पपई आणि लिंबू दुपारी माना टाकतात. मालक बघतो, हळहळतो आणि कॉक फिरवतो. झाड मरतं ते इथे.

ते तहानलेलं नव्हतं, गुदमरलेलं होतं. भारी जमिनीत पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते आणि पांढऱ्या मुळ्या मरतात. वरून ऊन पानांतलं पाणी ओढत राहतं, खालून पुरवठा बंद झालेला असतो. कपाशीतली आकस्मिक मर आपण सगळेच ओळखतो, हा त्याच घरातला प्रकार. फरक एवढाच, की कपाशीसाठी आपण धावपळ करतो आणि परसातल्या चार झाडांना बादली ओततो.

माझी सात लिंबं अशीच गेली. दुकानात पिवळं पान नेऊन दाखवलं, तर मुळ्या फुटायचं म्हणून एक काळं औषध गळ्यात मारलं. ते सोडायलाही पाणीच लागलं.

आधी तपासा. पहाटे सहाला झाडाकडे जा. दुपारी मलूल पडलेलं झाड तेव्हा ताठ असेल तर तो नुसता उन्हाचा ताप आहे, हात लावू नका. पहाटेही मान खालीच असेल तर बुडाशेजारी वीतभर खणा. माती मुठीत दाबून गोळा होत असेल, तिला आंबूस वास येत असेल, तर पाणी बंद. बारीक मुळी चिमटीत धरून ओढा. साल निसटून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला, तर मूळकूज लागली आहे.

मग पहिलं काम चर. उताराच्या दिशेनं, दोन ओळींच्या मधून, फूटभर खोल, आणि त्याचं तोंड बांधाबाहेर निघालं पाहिजे. अर्ध्यात संपलेला चर म्हणजे डबकंच. वाफसा येताच, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाली की, हलकी खुरपणी करा म्हणजे मातीत हवा खेळेल. त्याआधी ओल्यात पाय घालू नका, काळी माती तुडवली की दगड होते.

औषध त्यानंतर. कॉपर ऑक्सिक्लोराईड 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम. भाजीच्या झाडाला बुडाशी वाटीभर, पपईला तांब्या-दीड तांब्या. मात्रा शिफारशीतली आहे, वाटी-तांब्या माझा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरायची तर त्याच दिवशी नको, दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. ताम्रयुक्त औषधाने ती बुरशी मार खाऊ शकते. एक किलो ट्रायकोडर्मा 100 किलो कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. चर न काढता यातलं काहीही दिलंत तर पैसे पाण्यात, शब्दशः.

लिंबाच्या आणि पपईच्या खोडाला पाणी लागू देऊ नका. दुहेरी आळं करा. आतल्या आळ्यात खोडाला मातीची भर, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. लिंबावर डिंक्या दिसत असेल तर डिंक खरवडून बोर्डोपेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, भांडं लोखंडी नको.

आणि स्टार्टरचा ऑटो बंद करा. रात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आपण झोपलेले, आणि सकाळपर्यंत तुडुंब. गेल्या काही वर्षांत शिवारात पाहिलेली निम्मी मेलेली झाडं या ऑटोच्या खात्यावर टाकीन.

बाकीची कामं:
- मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण: वाफसा आल्यावरच
- कांद्याचं रोप: गादीवाफ्यावर, सपाट जागेत नाही
- केळी: करपलेली पानं कापून बागेबाहेर, कांदेबाग (पावसाळा सरतानाची) लागवड
- वांगी: शेंडे पोखरलेले असतील तर अळीसकट खुडून नष्ट करा
- रस शोषणाऱ्या किडी: निंबोळी अर्क 5 टक्के
- लिंबू, हस्त बहार (या दिवसांतला फुलोरा): पोटॅशियम नायट्रेट, 10 लिटरला 100 ग्रॅम, फवारणी

पालापाचोळ्याचं आच्छादन चांगलंच, पण घाई नको. ओल्या जमिनीवर पांघरलं तर ओल आतच कोंडते. मी गवतावर सकाळचं दव आणि त्यात भिजलेली कोळ्याची जाळी सलग आठवडाभर दिसेपर्यंत थांबतो. हा माझा अंदाज, कुठल्या पुस्तकातला नाही.

चर मात्र लगेच बुजवू नका. चित्रा नक्षत्रात, कधी स्वातीतही एखादी सर येऊन जाते.