रिसीव्हर मधेच रीस्टार्ट होतो: दोष काळ्या वायरीत निघाला

सेकंडहँड 50 सीसी पेट्रोल इंजिनचं रिमोट कंट्रोल मॉडेल विमान, पावसाळाभर रत्नागिरीत माळ्यावर पडलेलं. सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) एकेक हलवला तर ठीक. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर हे तिन्ही हलते भाग एकदम हलवले की रिसीव्हरचा (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीचा) दिवा विझून पुन्हा लागायचा. रिमोट-रिसीव्हरची जोडी पुन्हा जुळवली (बाइंड), रिसीव्हर बदलला, बॅटरी पॅक रात्रभर चार्ज केला. फरक शून्य, डोकं फिरायची वेळ.

मल्टीमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टला लावला: रिमोटच्या स्टिक स्थिर असताना 5.1 व्होल्ट, सगळ्या ढवळल्या की 3.6. त्याच वेळी पॅकच्या टोकाशी मात्र 4.8. म्हणजे व्होल्टेज वाटेतच गळतंय. पॅककडची काळी वायर दोन सेंटिमीटर सोलली, तर आत तांब्याऐवजी काळी भुकटी. सोल्डर धरतच नाही. जुन्या निकेल पॅकच्या निगेटिव्हपासून ही कीड वायरीत सरकत जाते, खाऱ्या दमट हवेत तर बघायलाच नको.

क्रम असा ठेवा. पॅक आणि स्विच हार्नेस (स्विच आणि त्याच्या वायरी) दोन्ही टाकून द्या. नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. मग पंखातल्या सर्वोंच्या प्रत्येक एक्स्टेंशन वायरीचं टोक सोलून बघा, काळं दिसलं की अख्खी बदला. नवी वायर 20 गेजची, कल्हई केलेल्या तारेची. दोन स्वतंत्र 2एस लाइफ पॅक (दोन सेलचे लिथियम-आयर्न बॅटरी पॅक), दोन स्विच, दोन वेगळे पोर्ट. पूर्ण चार्जला हे 7.2 व्होल्टपर्यंत जातात, म्हणून 6 व्होल्टच्या जुन्या सर्वोंना प्रत्येक पॅकमागे रेग्युलेटर हवाच.

शेवटी तीच चाचणी, एकेका पॅकवर: आता सगळ्या स्टिक ढवळूनही 5.8 च्या खाली जात नाही. त्यानंतरच शेपूट धरायला माणूस उभा करून इंजिन चालू ठेवून रेंज चेक, म्हणजे रिमोट किती लांबून चालतो ते बघणं.