आधी माती, मग पेन्सिल: शाळेत त्रिमितीय काम करून घेताना

मातीकामाचा तास असला की फळ्यावर पहिली सूचना ठरलेली असते: "आधी वहीत चित्र काढा." मी ती लिहीत नाही, आणि तुम्हीही लिहू नये असं माझं मत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत मुरलेली आपली मुलं वहीत काढतात ते समोरून दिसणारं चित्र. त्यावर बघत बघत माती थापली की वस्तूला तोंड येतं, पाठ येतच नाही. बैलाचा या बाजूचा डोळा, कान, वशिंड सगळं झकास, आणि पलीकडची बाजू पाटाला चिकटून सपाट. विचारलं तर म्हणतात, "बाई, ती बाजू दिसत नाही ना!"

त्रिमितीय कामाचं नियोजन म्हणजे चार गोष्टी ठरवणं: वस्तू कुठून कुठून बघितली जाणार, भार कशावर पडणार, जोड कुठं येणार आणि वस्तू कशाची करणार. यातली एकही गोष्ट समोरून काढलेल्या चित्रात ठरत नाही. ती हातात ठरते. म्हणून क्रम उलटा: आधी छोटा मातीचा नमुना, मग कागदावर रेखाटन, मग मोठं काम.

वर्षातलं पहिलं काम मी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, बैलाचं घेते. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि आषाढात आपल्याकडचा बेंदूर येतो, त्यामुळं विषय मुलांच्या घरातच असतो. माती कुंभाराकडून आणा. शाडू बारीक आणि स्वच्छ, हाताळायला छान, पण वाळल्यावर ठिसूळ होते. कुंभाराच्या मातीत राख, लीद असं काहीबाही मिसळलेलं असतं, त्यानं ती कमी तडकते. लीद ऐकून पोरं नाक मुरडतात. दहा मिनिटांत विसरतात. माती भाकरीच्या पिठासारखी तळव्याच्या बुडानं रेटून मळून घ्यायला लावा. मळताना आतली हवा निघून जाते आणि ओलावा सगळीकडं सारखा होतो. बोटाला चिकटत असेल तर वर्तमानपत्रावर पसरून थोडी सुकवा.

आता प्रत्येकाला मुठीत मावेल एवढाच गोळा द्या आणि त्यातून अंगठ्याएवढे तीन बैल करायला सांगा: एक उभा, एक बसलेला, एक मान वळवलेला. डोळे नाहीत, झूल नाही, घंटा नाही. वेळ कमी द्या. जास्त दिला की पोरं नाकपुड्या कोरत बसतात. तिन्ही बैल बाकावर ठेवून त्यांना बाकाभोवती एक फेरी मारू द्या आणि मग एकच निवडायला सांगा. "का निवडलास?" याचं उत्तर तोंडी घ्याच. "आवडला" हे उत्तर चालवून घेऊ नका. "मान वळल्यामुळं मागनं पण तोंड दिसतंय" असं कुणी म्हणालं तर समजा, त्या मुलाचं अर्धं काम झालं.

मग वही उघडायची. निवडलेला नमुना समोर ठेवून चारी बाजूंनी आणि वरून, अशी पाच छोटी रेखाटनं. इथं मोबाईलचा टॉर्च फार उपयोगी पडतो. खिडकीचा पडदा ओढा, नमुन्यामागं कागद उभा धरा, समोरून टॉर्च मारा आणि कागदावर पडलेल्या सावलीची कड पेन्सिलनं गिरवायला लावा. नमुना पाव वळसा फिरवून पुन्हा. एखाद्या बाजूची सावली नुसता बिनओळखीचा गोळा आली, तर त्या बाजूनं बैल झालेलाच नाही हे मुलाला आपोआप कळतं. तुम्हाला बोलावं लागत नाही.

बैलाचे पाय हा स्वतंत्र धडा आहे. आपल्या भागातला बैल म्हणजे खिल्लार: उंच, सडपातळ पायांचा, मागं झुकलेल्या लांब टोकदार शिंगांचा. मुलं तसाच करायला जातात. काडीएवढे पाय लावतात, वर भरगच्च धड ठेवतात आणि बैल बसतो. आठवीतल्या एका मुलानं पाय पुन्हा पुन्हा लावले, मग पोटाखाली डस्टर सरकवून दिलं. मी त्याला कुंभाराकडून आणलेला बैल हातात दिला आणि म्हटलं, खालून बघ. त्यानं उलटा केला. चारी पाय आखूड, मुळाशी जाड, खाली किंचित निमुळते. पुढचे दोन पाय छातीतूनच ओढून काढलेले, वेगळे चिकटवलेले नाहीत. शिंगं लांब सुटी न ठेवता जाड बुडाची. कुंभाराला खिल्लार बैल माहीत नाही असं थोडंच आहे! मातीला काय झेपतं हे त्याला जास्त माहीत आहे. त्या मुलानं मग आपल्या बैलाची शिंगं मानेवर टेकवली. लांबही राहिली आणि मोडलीही नाहीत. बैल मान वर करून हंबरतोय असं त्यामुळं वाटायला लागलं, ते वेगळंच.

सहल काढता आली तर याच टप्प्यावर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात चित्रं पुष्कळ आहेत, पण मुलांना थेट इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पापाशी न्या. दगडात सुटा बारीक अवयव ठेवला तर तो मोडायची भीती असते. म्हणून एकच प्रश्न द्या: शिल्पकारानं कुठं दगड सोडवलाय आणि कुठं जोडलेलाच ठेवलाय? उत्तर वहीत रेखाटून आणायचं. हीच नजर गावातल्या देवळापुढच्या वीरगळीकडं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकाच्या कोरीव दगडाकडं, लावायला सांगा. वीरगळ उठावाची असते, आकार मागच्या दगडाला जोडलेलेच, समोरूनच बघायची. ती तशी असण्यात काही चूक नाही. आपण कुठल्या प्रकारचं काम करतोय हे आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं.

मोठा बैल करताना थोडं तांत्रिक. बोटभर जाडीपेक्षा माती जास्त नको. धड जाड झालं तर माती जरा आवळल्यावर पोटाकडून चमच्यानं पोकळ करून घ्या. जोडायच्या दोन्ही जागा काडेपेटीच्या काडीनं आडव्या-तिडव्या ओरखडायच्या, मातीचा पातळ चिखल लावायचा आणि दाबून बोटानं शिवण पुसायची. नुसतं पाणी लावून चिकटवलेला कान वाळला की हमखास पडतो. माती वाळताना आकसते, दहा सेंटिमीटरला अर्धा-पाऊण सेंटिमीटर सहज. म्हणून वाळवायच्या मातीत तारेचा सांगाडा घालू नका: माती आकसते, तार आकसत नाही, आणि तडा बरोबर तारेवर जातो. तार हवीच असेल तर त्यावर कागदाचा लगदा चढवा. सेंट्रिंगवाले वापरतात ती बाइंडिंग वायर दुहेरी पिळून घेतली की पुरते. लगद्यात मैद्याची खळ किंवा आपल्या आज्या टोपल्यांना वापरायच्या ती मेथीची पूड घालावी. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, शाळेत आणूसुद्धा नका.

अर्धवट काम ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी. उन्हात वाळवायचं नाही, सावलीत. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, लागू द्या.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल मी फार सांगणार नाही. साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला खिडकीतून दिसत असताना बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणणाऱ्या पालकांपुढं मी हात टेकलेत.

दुसऱ्या सत्रात माझं आवडतं काम असतं, लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचं मॉडेल. साताऱ्याजवळच आहे, पुण्याच्या रस्त्यानं जाताना महामार्गापासून थोडं आत. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधलेली. एका वेळी बारा मोटा (बैलांनी पाणी ओढायच्या चामड्याच्या पिशव्या) चालाव्यात अशी. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांचा भाग आणि मधोमध चक्क छोटा महाल. हा विषय घेण्याचं कारण एकच: ही वस्तू समोरून काढताच येत नाही. समोर काही नाहीच. जे आहे ते खाली, जमिनीच्या आत.

तिथं गेल्यावर मुलांना कठड्याजवळ रेलू देऊ नका, एका शिक्षकामागं थोडीच मुलं ठेवा. टेप सगळ्यांना पुरत नाही, म्हणून शाळेच्या मैदानावरच प्रत्येकाचं पाऊल मोजून ठेवा आणि अंतरं पावलांनी घ्या. खोलीसाठी एका पायरीची उंची मोजायची आणि पायऱ्या मोजून गुणायचं. निदान पायऱ्या जातात तिथपर्यंतची उंची पक्की मिळते. पूर्ण विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची सांगतात. ते आकडे घेऊन शंभरास एक प्रमाण धरलं तर विहीर साधारण 15 सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहतीस सेंटिमीटर खोल येते. बाकावर मावते.

इथं इंटरमिजिएटची भूमिती कामाला येते. 15 सेंटिमीटरचा चौरस काढा, कर्णाच्या निम्मं अंतर, म्हणजे 10.6 सेंटिमीटर, कंपासमध्ये घ्या आणि चारही कोपऱ्यांवर टोक ठेवून बाजूंवर खुणा करा. आठ खुणा जोडल्या की अष्टकोन, प्रत्येक बाजू 6.2 सेंटिमीटर. परीक्षेला ही रचना पाठ केलेली मुलं इथं पहिल्यांदा विचारतात की कर्णाच्या निम्मंच का. त्या प्रश्नासाठी गणिताच्या सरांना तासाला बोलवा. त्यांनाही बरं वाटतं.

भिंतीसाठी खोक्याचा पुठ्ठा. त्याच्या आतल्या नाळ्या उभ्या ठेवायच्या, म्हणजे घड्या नाळ्यांच्या रेषेत पडतात आणि सरळ येतात. आडव्या ठेवल्या तर पुठ्ठा घडीवर चुरगळतो. घडीच्या जागी रिकाम्या बॉलपेननं पट्टी लावून दाबून रेघ ओढा. कटर आठवीच्या वरच्या मुलांनाच, स्टीलच्या पट्टीबरोबर. एका दमात आरपार कापायचं नाही, हलक्या हातानं तीन-चारदा फिरवायचं आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत नको.

आणि मग ती गंमत होते, जिच्यासाठी मी हे काम घेते. मुलं आठ बाजूंची भिंत गोल वळवून टेबलावर उभी करतात आणि बघत राहतात. कुणीतरी म्हणतंच, "बाई, हा तर बुरूज झाला!" खरंच बुरूज होतो. विहीर करायची तर आधी जमीन करावी लागते. लगेच उपाय सांगू नका, गटाला भांडू द्या. बहुतेक गट शेवटी तिथंच येतात: साडेतेहतीस सेंटिमीटर उंचीचं खोकं, त्याच्या झाकणाला अष्टकोनी भोक आणि भिंत त्या भोकातून खाली सोडलेली. मग दुसरा वाद, आतलं दिसणार कसं? खोक्याची एक बाजू काढून टाकायची आणि आठातल्या पाचच भिंती ठेवायच्या. वरून डोकावलं तर विहीर, बाजूनं बघितलं तर छेद. महालाच्या खांबांवरच्या कोरीवकामाच्या मागं लागू नका. या मापात ते नखाएवढंही येत नाही. महाल कुठल्या पातळीवर आहे आणि पायऱ्या त्याला कुठं भेटतात, एवढं अचूक हवं.

वेळेचं गणित सांगते, कारण तिथंच बहुतेकांचं अडतं. पस्तीस मिनिटांच्या एका तासात मातीकाम होत नाही. हात धुण्यातच दहा मिनिटं जातात. मुख्याध्यापकांना सांगून दोन तास सलग मागून घ्या, आठवड्याआड चालतील. साठ मुलांचा वर्ग असेल तर बैल एकेकट्यानं आणि विहीर पाच-पाचांच्या गटात. गटात एकाकडं फक्त मापं तपासायचं काम द्या. ते काम चित्र न येणाऱ्या मुलाला द्या, तो ते जीव लावून करतो.

गुण देताना पूर्ण झालेली वस्तू एकटी बघू नका. अंगठ्याएवढे नमुने, पाच रेखाटनं आणि शेवटची वस्तू असं तिन्ही शेजारी मांडायला लावा आणि निम्मे गुण पहिल्या दोहोंना ठेवा. वस्तू गोल पाटावर किंवा उलट्या ताटलीवर ठेवून मुलालाच हळूहळू फिरवायला सांगा. तो जिथं पटकन फिरवून पुढं जातो, तिथं थांबवा आणि त्या बाजूबद्दल विचारा.